बाहुल्यांच्या उंचीवरून भंडारदरा

बाहुल्यांचे फोटो काढायला म्हणून नाशिकहून डोंगरात जायचं हे आमच्या घरात आता सगळ्यांना माहितीये, त्यामुळे कुणी कुठं चाललीस विचारलं की बाहुल्यांना फिरवायला असं सरळ सांगते. यावेळी गणपती झाले, पाऊस जरा ओसरला आणि आम्ही भंडारदऱ्याचा पूर्ण वळसा घातला, मी, आत्या आणि भाची, आणि मागच्या सीटवर बुटाच्या खोक्यात सुती कापडात गुंडाळलेल्या गोदा, जाई आणि ठकी. फोटो बघून बरेच जण विचारतात की जागा कशा शोधता, बाहुली वाऱ्यात उभी कशी राहते, गावातले लोक काही म्हणत नाहीत का, म्हणून हे सगळं नीट लिहायला घेतलंय.

आधी तिघींची ओळख करून देते कारण प्रत्येकीचा फोटो वेगळ्या पद्धतीनं काढावा लागतो. गोदा म्हणजे चिंध्यांची बाहुली, आत्यानं केलेली, जुन्या इरकली साडीचं लुगडं, आत कापूस आणि काळ्या दोऱ्याचा अंबाडा. जाई म्हणजे माझ्या लहानपणची बार्बी, गुडघे टकटक करत वाकतात, हात मात्र सरळच, तिला आता आत्यानं शिवलेली नऊवारी आहे. आणि ठकी सावंतवाडीची, चितारआळीत लाकडी खेळणी करतात तिथून आणलेली, एकाच लाकडात घडवलेली, हात अंगालाच चिकटलेले, बूड सपाट, डोळे मोठ्ठे रंगवलेले. जुन्या मराठी घरांमध्ये पोरींकडे अशी ठकी असायचीच आणि अजूनही मला तिन्हींमध्ये सगळ्यात जास्त तीच आवडते, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नखरा नाही, समोर डोंगर असला काय आणि भिंत असली काय ती तेवढ्याच ठामपणे बघते.

आता मुख्य मुद्दा. बाहुल्यांसाठी डोंगरातले प्रसिद्ध पॉइंट फारसे उपयोगाचे नसतात. हे मला या वळशात इतकं स्पष्ट कळलं की आता मी नकाशावरचे पॉइंट बघून निघतच नाही. पॉइंट म्हणजे काय, साडेपाच फुटी माणसानं कठड्याला टेकून उभं राहिलं की खाली सगळं दिसतं ती जागा. बाहुलीला तिथं ठेवलं तर एक तर तिच्यासमोर सिमेंटचा कठडा येतो, नाहीतर तिला कठड्यावर ठेवावं लागतं आणि मग फोटोत एक कठडा, एक बाहुली आणि मागं पांढरट धुकं, बस. बार्बी साधारण २९ सेंटीमीटर उंच, म्हणजे माणसाच्या एक षष्ठांश. त्यामुळे तिच्या जगात सगळं सहापट होतं. सोनकीचं फूल अडीच सेंटीमीटरचं असलं तर तिच्यासाठी ते सूर्यफुलाएवढं. मीटरभर करवंदीची जाळी म्हणजे दुमजली घराएवढं झाड. हे गणित एकदा डोक्यात बसलं की रस्त्यावरून जाताना नजर आपोआप गुडघ्याच्या खाली जाते, बांधाच्या कडेला, मोरीच्या तोंडाशी, शेवाळलेल्या दगडावर, आणि खरंच सांगते तिथं जे दिसतं ते कुठल्याच पॉइंटवर नसतं.

नाशिकहून पहाटे अंधारातच निघालो. पांडवलेणी, विल्होळी, वाडीवऱ्हे, मुंढेगाव करत घोटीपर्यंत मुंबई-आग्रा हायवेच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही, मिसळीला पण थांबलो नाही कारण सकाळचं ऊन साडेआठ-नऊपर्यंतच कामाचं असतं, नंतर प्लास्टिकच्या गालावर असा चमका येतो की चेहराच दिसत नाही. घोटीला हायवे सोडून बारीच्या रस्त्याला लागलं की मग सगळं बदलतं. दोन्ही बाजूला भातखाचरं, भात पोटरीला आलेलं, आणि उजवीकडे अलंग, मदन, कुलंग एका रांगेत, त्यांच्या कड्यांवर ढग अडकलेले. घोटी म्हणजे भाताचं गाव, राइस मिलच्या पाट्या संपतात तिथून पुढं भाताचा वास सुरू होतो, ओला हिरवा, गाडीच्या काचा खाली केल्या की लगेच येतो.

बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि वर देवीचं छोटं देऊळ. भाचीचा हट्ट होता की जाईला वर न्यायचं. मी म्हटलं वर नेऊन फोटोत काय येणार तर आकाश, डोंगर दिसायचा असेल तर खालीच थांबायला हवं, आणि तिला ते पटलं पण, कारण तिला आता फोटोतलं कळायला लागलंय.

इथं आत्यानं गाडीतच कळसूबाईची गोष्ट सांगितली. आत्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायची पण गोष्टी तिला सगळ्याच येतात. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली, तिनं आधीच सांगून ठेवलेलं, सगळं काम करीन पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस घरी पाहुणे आले, तिला भांडी घासायला लावली, आणि ती उठली आणि डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. तीच कळसूबाई. गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगतात, पण आत्या अशी सांगते.

माझ्याकडे भातुकलीची पितळी भांडी आहेत, नाशिकच्या भांडीबाजारातली, बोटभर उंचीची कळशी, घंगाळं, परात, चूल, सगळं खऱ्यासारखं ठोकलेलं. ती नेहमीच बरोबर असतात कारण गोदाच्या मापाला ती बरोबर बसतात. गोष्ट ऐकल्यावर मला दुसरा फोटो सुचेचना. एका शेतकरी बाबांना विचारून त्यांच्या बांधावर बसलो, कळशी आणि परात चिखलात तशीच आडवी टाकली आणि गोदाला भांड्यांकडे पाठ करून उभं केलं, तोंड कळसूबाईकडे. कॅमेरा अगदी जमिनीला टेकवून. गोदाच्या चेहऱ्यावर फक्त दोन शिवलेले डोळे आणि एक लाल टाका आहे आणि तो पण या फोटोत दिसत नाही, दिसतो फक्त अंबाडा, पदर आणि समोरचा डोंगर. पण ती निघालीये हे कळतं. आत्या बराच वेळ स्क्रीनवर तो फोटो बघत बसली, मग म्हणाली, "अगं, हिला परत भांड्यांजवळ नको बसवूस आता." नाही बसवली. भांडी उचलून धुऊन डब्यात टाकली आणि त्या दिवसभर गोदाच्या फोटोत भांडं आलं नाही.

हा फोटो कसा काढला ते पण सांगते कारण यात एक गोष्ट आहे जी सगळ्यांनी करून बघावी. बाहुलीच्या अगदी जवळ जाऊन वाइड लेन्सनं काढलं तर बाहुली मोठी येते पण मागचा डोंगर टेकडीएवढा होऊन जातो. तेच जरा लांब जाऊन, पोटावर झोपून, लांब पल्ल्याच्या लेन्सनं काढलं की बाहुली तेवढीच राहते आणि मागं कळसूबाई एकदम अंगावर आल्यासारखी उभी राहते. फक्त मग डोंगर पुसट होतो, त्यासाठी एफ ११ च्या पुढं जावं लागतं, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करावं लागतं, उजेड कमी पडतो, मग ट्रायपॉड. ट्रायपॉड खाली जाणारा नसेल तर तांदळाची छोटी पिशवी ठेवा कॅमेऱ्याखाली. आणि ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी अजिबात वाईट वाटून घेऊ नका, मोबाइलचा सेन्सर लहान असतो त्यामुळे बाहुली आणि डोंगर दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात, उलट पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो मागचं सगळं पुसून टाकतो. मग डोंगरात आलात कशाला.

बांधावर काम चालू असताना ते शेतकरी बाबा परत आले, थोडं लांबच थांबले आणि विचारलं, "ताई, उतारा ठेवताय का?"

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे बाहुली म्हणजे फक्त खेळणं नाही. घरावर, ट्रकच्या मागं काळी बाहुली लटकवतात दृष्ट लागू नये म्हणून, आणि तिठ्यावर लिंबाबरोबर बाहुली दिसली तर माणूस ती ओलांडत नाही. त्यामुळे अनोळखी बाईनं शेताच्या बांधावर बाहुली ठेवली तर मालकाच्या पोटात गोळा येणारच, त्याचं बरोबरच आहे. मी त्यांना कॅमेऱ्यात फोटो दाखवले, आत्यानं गोदा त्यांच्या हातात दिली, ही मी शिवलीये, साडी माझ्या आईची आहे असं सांगितलं. त्यांनी लुगड्याचा काठ बोटांनी चाचपून बघितला आणि म्हणाले, "आमच्या म्हातारीकडं होतं असं लुगडं." मग स्वतःच दाखवलं की बांधाच्या त्या टोकाला सोनकी जास्त फुललीये, तिकडं बसा. तेव्हापासून आमचे नियम पक्के आहेत, बाहुली कुणाच्याही शेतात विचारल्याशिवाय ठेवायची नाही, तिठ्यावर नाही, देवळाच्या पायरीवर किंवा कोनाड्यात तर नाहीच, आणि तिला एकटी सोडून कुणी लांब जायचं नाही. निघताना दोरा, तार, टाचणी सगळं उचलायचं, मागं कुणाला काही सापडायला नको.

सोनकीबद्दल तर किती लिहू. भाद्रपदात सह्याद्रीत जी पिवळी पसरते ती हीच, आणि तिच्या मध्ये मध्ये तेरड्याची गुलाबी. उभ्यानं बघितलं तर पिवळा गालिचा वगैरे सगळे म्हणतात ते दिसतं, पण बाहुलीच्या उंचीवर कॅमेरा नेला की गालिचा राहत नाही, देठ दिसायला लागतात, हिरव्या देठांचं रान आणि वर पिवळं छत, त्यातून ऊन गाळून जाईच्या खांद्यावर पडलेलं. या उंचीवरून मी याआधी कधी सोनकी बघितलीच नव्हती. इतकी वर्षं नाशिकला राहून. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे फुलं तोडून बाहुलीच्या केसात माळणं वगैरे अजिबात करू नका, बाहुलीला फुलाजवळ न्यायचं, फुलाला बाहुलीजवळ आणायचं नाही.

शेंडीला पोचेपर्यंत ऊन वर आलेलं. शेंडी म्हणजे धरणाजवळचं गाव, भंडारदरा भंडारदरा म्हणतो आपण पण राहायचं-जेवायचं सगळं शेंडीतच. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि गरम भात. जेवताना आत्यानं भाचीला धरणाचं सांगितलं, प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९१० साली बांधायला घेतलं, १९२६ ला पूर्ण झालं, तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरचं नाव दिलं. मागच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. इतक्या जुन्या काळी या डोंगरात एवढी दगडी भिंत कशी उभी केली असेल याचं आत्याला अजून नवल वाटतं आणि ते बरोबरच आहे, खालच्या बागेतून वर बघितलं की मान दुखते. बागेजवळच तो अम्ब्रेला फॉल, धरणातून पाणी सोडलं असलं की गोल खडकावरून छत्रीसारखं पडतं. आम्ही गेलो तेव्हा चालू होता आणि गर्दी पण तेवढीच होती. ठकीला हातात धरून एक फोटो काढला, चांगला आहे, पण तो ठकीचा फोटो नाहीये, तो अम्ब्रेला फॉलचा फोटो आहे आणि त्यात माझा हात आहे.

रंधा फॉलला पण तेच. प्रवरा तिथं साधारण १७० फूट खाली उडी घेते, आवाज असा की बोललेलं ऐकू येत नाही, आणि पाहायला अप्रतिम आहे, जरूर जा. पण बाहुलीसाठी काही नाही. कठडा, जाळी, समोर लांबवर पांढरं पाणी. आणि कठड्याच्या पलीकडे बाहुली ठेवायचा विचार पण करू नका, तिथं खडक कायम ओले असतात, फोटोसाठी माणसं गेलेली आहेत अशा जागांवर.

त्याऐवजी परत येताना रस्त्याकडेला एक ओहोळ होता, मोरीतून निघून दोन फूट खाली पडणारा. दोन फूट म्हणजे जाईसाठी बारा फूट. तिला बाजूच्या दगडावर बसवलं, गुडघे वाकतात त्यामुळे ती पाण्यात पाय सोडून छान बसते, आणि जमला फोटो. पण इथं एक अडचण कायम येते. पाणी लहान होत नाही. फूल सहापट मोठं वाटलं तर ते सुंदर दिसतं, पण पाण्याचा थेंब सहापट मोठा दिसला की बघणाऱ्याला लगेच कळतं की हे खोटं आहे, जाईच्या गालावर एक थेंब बसला तर तो लिंबाएवढा वाटतो. म्हणून शटर हळू ठेवायचं, अर्धा सेकंद किंवा जास्त, मग थेंब राहतच नाहीत, पाण्याचा एक सलग धागा होतो आणि तो कुठल्याही मापाला शोभतो. अंगावरचे थेंब रुमालानं टिपत राहायचे. हे काम भाचीचं, ती फार मन लावून करते.

पाण्याचं निघालंच आहे तर गोदाला पाण्याजवळ नेताना लुगड्याच्या आत पातळ प्लास्टिक गुंडाळते, कापूस एकदा भिजला की दोन दोन दिवस वाळत नाही आणि मग वास मारतो. जाईचं उलट, तिला प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवायचं नाही, जुन्या बार्बींचे पाय उन्हा-उकाड्यात चिकट व्हायला लागतात, गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. केस वाऱ्यात पिंजारले की पाण्याचा हात लावून मोठ्या दातांच्या कंगव्यानं खालून वर सोडवत जायचं. उभं राहायला कमरेला साडीच्या आतून तार, तारेचं दुसरं टोक मातीत, खडक असला तर पायाखाली ब्लू टॅक, म्हणजे पोस्टर चिकटवायचा तो मऊ गोळा. ठकीला यातलं काहीच लागत नाही.

शेंडीहून मुतखेल मार्गे रतनवाडी. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडायची आणि मग हा रस्ता जलाशयाच्या काठाकाठानं जातो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धबधबे, प्रत्येक वळणावर गाड्या थांबलेल्या. आम्ही मध्ये कुठं फारसं थांबलो नाही. रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे, सगळं दगडी, शिखरापर्यंत कोरीव, बाजूला पुष्करणी, आणि समोर रतनगड. प्रवरेचा उगम याच डोंगरात. देवळात आम्ही फक्त दर्शन घेतलं, बाहुल्या गाडीतच होत्या. आत्या कोरीव काम बघत देवळाला दोन प्रदक्षिणा घालून आली तोपर्यंत भाचीनं एक मैत्रीण केली, तिथलीच मुलगी, तिच्याच वयाची, आणि दोघी गाडीच्या काचेतून खोक्याकडे बघत उभ्या.

त्या मुलीनं विचारलं, "ह्या खेळायच्या हायेत का ठेवायच्या?" मी म्हटलं फोटो काढायच्या आहेत. मग आर्थर लेकच्या काठावर जाऊन तिघींना ओळीत ठेवून बघितलं, पाणी एवढं अफाट की मागं फक्त एक राखाडी पट्टा येत होता, बाहुल्या आणि पाणी यांचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता. ती मुलगी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, हिकडं या, हितं गड पाण्यात दिसतो." आणि तिनं आम्हाला रस्त्याच्या पलीकडे नेलं, बैलगाडीच्या चाकोरीत पाणी साचलेलं, जेमतेम दोन हात लांबीचं डबकं, पण वारा लागत नव्हता तिथं आणि त्या पाण्यात अख्खा रतनगड, त्याच्या शेजारचा तो खुटा म्हणतात तो सुळका, सगळं उलटं उतरलेलं. तिला हे माहिती होतं कारण ती रोज तिथून जाते आणि तिची उंची आपल्यापेक्षा कमी आहे.

डबक्याच्या काठावर बारीक दगड होते, ते बाहुल्यांसाठी खडक झाले. शेवाळ होतं, ते कुरण झालं. जाईला बसवलं, गोदाला तिच्या बाजूला टेकवलं, ठकी मागं उभी. कॅमेरा पाण्यापासून दोन बोटं वर. दोन हात डबकं त्या फोटोत तळं झालंय आणि ते तळं बघून कुणी विचारलं नाही की हे कुठलं डबकं, सगळे विचारतात ही जागा भंडारदऱ्याला कुठं आहे, आम्ही का नाही बघितली. माझ्या आजवरच्या सगळ्या फोटोंमध्ये हा मला सगळ्यात जास्त प्रिय आहे आणि तो मिळाला तो त्या मुलीमुळे.

मग ती पळत घरी गेली आणि तिची बाहुली घेऊन आली. काडीला चिंधी गुंडाळलेली, वर दुसऱ्या चिंधीची गाठ म्हणजे डोकं, कोळशानं डोळे. तिची बाहुली उंचीला जाईच्या निम्मी. तिनं स्वतःच डबक्याच्या कडेला जागा ठरवली, काडी मातीत खुपसली, बाहुलीचं तोंड गडाकडे केलं आणि मग मला म्हणाली, काढा. मी तिच्या बाहुलीचे फोटो काढले, तिचा स्वतःचा नाही काढला, तिच्या आईला न विचारता तसं करायचं नसतं. आत्यानं तिला विचारलं की बाहुली कुणी शिकवली करायला, तर म्हणे कुणी नाही, आपली आपण.

मला यावरून ब्लाइथची आठवण झाली. ही मोठ्या डोक्याची अमेरिकन बाहुली, मागची दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदलतो, १९७२ साली केनर कंपनीनं आणली आणि खपली नाही म्हणून वर्षभरातच बंद केली. ती विसरूनच गेले लोक. मग न्यूयॉर्कच्या जीना गॅरन यांना एक जुनी ब्लाइथ मिळाली, त्या तिला जातील तिथं बरोबर नेऊन फोटो काढायला लागल्या, आणि ते फोटो लोकांना इतके आवडले की २००१ पासून जपानमध्ये ती बाहुली परत बनायला लागली. केवळ फोटोंमुळे. आपल्या ठकीचं, चिंध्यांच्या बाहुलीचं असं व्हावं असं मला मनापासून वाटतं. सावंतवाडीत ती अजून मिळते पण ती घेऊन जाणारे लोक शोकेसमध्ये ठेवतात. तिला कळसूबाई दाखवा ना, तिला चिखलात उभी करा, तिचा चेहरा बाहेरच्या उजेडात काय दिसतो ते बघा एकदा.

रतनवाडीहून साम्रद, सांदण दरी तिथंच पण पावसाळ्यात तिच्यात उतरायचं नसतं, म्हणून न थांबता घाटघरला. घाटघरचा कोकणकडा म्हणजे जमीन संपतेच, खाली एकदम कोकण, आणि वारा असा की माणसाला उभं राहवत नाही. जाईचे केस सगळे तोंडावर, गोदा तर उडालीच असती. इथं ठकीचा नंबर. कड्यापासून चांगलं आत एका सपाट कातळावर तिला ठेवली, काही टेकू नाही, काही तार नाही, आणि ती उभी राहिली. ढग खालून वर येत होते, मधेच सगळं पांढरं व्हायचं आणि मग परत ठकीचे डोळे दिसायचे. कातळ आहे, ढग आहे आणि एक लाकडी बाई आहे, फोटोत दुसरं काहीच नाही. आत्या माझ्यामागं शाल धरून उभी होती, वाऱ्यानं कॅमेरा हलू नये म्हणून, तिचे हात भरून आले तरी ती हलली नाही. ढगांमुळे उजेड पण मऊ होता, रंगवलेल्या लाकडाला असाच उजेड लागतो, दुपार असूनही चमका नाही. ऊन असलं असतं तर पांढऱ्या रुमालाचा आडोसा करावा लागला असता.

अंधार पडायच्या आत शेंडीवरून घोटीला लागायचं होतं, डोंगरातल्या रस्त्यांवर धुक्यात गाडी चालवायला मला आवडत नाही, त्यामुळे परतीच्या वाटेवर कॅमेरा बाहेर काढलाच नाही. घरी आल्यावर आधी बाहुल्या, मग आम्ही. गोदाचं लुगडं काढून सावलीत वाळत घातलं, जाईची पावलं पुसली, ठकीला कोरड्या कापडानं पुसून थोडा वेळ पंख्याखाली ठेवलं, लाकडाला ओल लागून राहिली की रंगाचे पोपडे निघतात.

रतनवाडीच्या त्या मुलीच्या बाहुलीचे फोटो मोठे प्रिंट करून घेतलेत, आत्यानं मागं जाड पुठ्ठा लावून दिलाय. भातकापणी सुरू झाली की तिकडं कुणालाच वेळ नसतो, त्याच्या आधी जाऊन ते पोचवायचेत. तिनं अजून एक जागा सांगितलीये, गावाच्या वरच्या अंगाला उंबराखाली एक खडक आहे, त्याला बाहुली बसेल एवढं भोक आहे आणि आत सकाळचं ऊन येतं म्हणे, म्हणून यावेळी आदल्या दिवशीच शेंडीला मुक्कामाला जाणार आहोत. आत्या सध्या एक छोटी गोधडी शिवतेय, काडीच्या बाहुलीच्या मापाची.